मामाचा उजवा पाय

माझा मामा तोरणमाळच्या घाटाला घाबरत नाही, पण डॉक्टरणीच्या हातातल्या रबरी फुग्याला घाबरतो, असं आमच्या गल्लीचं मत होतं. आमच्या गल्लीला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. कोणाच्या घरात काय शिजतंय यावर असतं, आणि ते कसं शिजायला पाहिजे होतं यावर तर जास्तच असतं.

मामा तळोद्यातल्या एका शाळेची बस चालवतो. पिवळी बस, पुढे झेंडूचा हार, आरशाला लिंबू-मिरची, आणि मिरची आमच्या नंदुरबारची म्हणून लिंबापेक्षा मोठी. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी ड्रायव्हरची तपासणी होते. हा माणूस गाडी चालवायला ठीक आहे असं डॉक्टर म्हणाले की चावी हातात. नाही म्हणाले की चावी दुसऱ्याच्या हातात, आणि मामाला गेटवर स्टूल. संस्थेच्या साहेबांनी गोड बोलून तसं सांगितलंही होतं, "काका, गेटवर पंखा लावून देऊ तुम्हाला." मामा घरी आला आणि घरातला पंखा बंद करून बसला.

कारण असं की यंदा दोन वेळा तपासणी झाली आणि दोन्ही वेळा बीपी वर. साधं वर नाही. डॉक्टरीण बाईंनी आकडा बघून मशीनला टिचकी मारली, इतकं वर. आता तिसरी वेळ शेवटची.

मी मामाकडे राहते. घरी सांगताना मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. प्रत्यक्षात मी नकला करते. हळदीच्या कार्यक्रमात, वाढदिवसाला, कोणी बोलावलं तर, आणि न बोलावता पण. खापर गावच्या बाजारात चादरींचा सेल लागला तेव्हा रिक्षावरच्या भोंग्यात जो भारदस्त पुरुष ओरडत होता, तो मी होते. मामी म्हणते, "तुले सासरले कोन ठेवी वं? सासूनी नक्कल पहिल्याच दिवशी करशी." मी म्हणते, पहिल्या दिवशी नाही, आधी अभ्यास करावा लागतो.

तर मामाला बीपी निघालं आणि घरात उपचार सुरू झाले. मामीने मीठ बंद केलं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून तिखट बंद केलं. खान्देशी माणसाच्या ताटातून तिखट काढणं म्हणजे माशाला सांगणं की तू जरा कोरडा राहून बघ. शेजारच्या काकूंनी कच्चा लसूण सांगितला. दूधवाल्याने दूध सोडायला सांगितलं, आणि हे त्याने दूध घालता घालता सांगितलं. पण सगळ्यात जास्त सांगितलं गेलं ते हे: "टेन्शन लेऊ नको."

सकाळी मामा दात घासायला ओट्यावर आला की समोरून, "भाऊ, टेन्शन लेऊ नको." पानटपरीवर, "तिसरी बारी शे ना? टेन्शन लेऊ नको." देवळात आरतीच्या मध्येच एका आजोबांनी घंटा थांबवून सांगितलं. मामाची सासू नंदुरबारहून फोन करून रडत रडत सांगायची की टेन्शन घेऊ नका. एकदा तर मामा म्हणाला, "माले काय टेन्शन नव्हतं. यासनाजोडे इतलं टेन्शन शे, तेच माले दी ऱ्हायनात."

आणि मजा अशी, की घरी बीपी बरोबर यायचं. मेडिकलवाल्याने त्याचं बॅटरीवरचं मशीन वापरायला दिलं होतं. हाताला पट्टा बांधला, बटण दाबलं, की ते मांजरासारखं गुरगुर करायचं, टीं म्हणायचं आणि आकडा दाखवायचं. आकडा अगदी सभ्य. गल्लीने ठरवलं की मशीन खराब आहे. मग मशीन तपासायला आख्ख्या गल्लीने आपापलं बीपी मोजून घेतलं. त्यात तिघींचं खरंच जास्त निघालं, आणि त्या तिघी मामावर चिडल्या.

आता नकलेबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

लोकांना वाटतं नक्कल म्हणजे आवाज. आवाज शेवटी येतो. आधी अंग येतं. मामीची नक्कल करायची तर पहिल्यांदा डावा खांदा वर उचलायचा. तिच्या माहेरचे आले की खांदा खाली असतो, सासरचे आले की वर, आणि तिची नणंद, म्हणजे माझी आई, आली की खांदा जवळजवळ कानाला लागतो. शाळेच्या मोठ्या मॅडमची नक्कल करायची तर जबडा आवळायचा आणि जीभ वरच्या दातांना टेकवून ठेवायची. एकदा हळदीत मी त्यांना बराच वेळ केलं. लोक पोट धरून हसले आणि घरी आल्यावर माझं कपाळ ठणकायला लागलं. मला वाटलं उन्हाने. मग कळलं की ही डोकेदुखी माझी नाहीच, मॅडमची आहे. मी फक्त एका संध्याकाळपुरती घेतली होती. त्या बाई ती रोज घेऊन फिरतात. तेव्हापासून मी त्यांच्यावर थोडं कमी हसते. थोडंच.

दुसऱ्या तपासणीला मी मामासोबत गेले होते, कारण मामी दवाखान्याच्या पायरीवरच रडायला लागते. त्यामुळे डॉक्टरीण बाई मला नीट बघायला मिळाल्या. बुटक्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि बोलणं असं: "सैल सोडा हात. अजून सैल. अहो, हात तुमचाच आहे ना?" हे इतकं सुंदर होतं की मी तिथेच पाठ केलं.

घरी आल्यावर जेवणं झाली, मामा तोंड पाडून खुर्चीत बसलेला. म्हटलं याला हसवू. मामीचा चष्मा नाकाच्या टोकावर घेतला, ओढणी मामाच्या दंडाला गुंडाळली आणि सुरू झाले. सैल सोडा. अजून सैल. मामा हसला. मामी पण हसली, आणि लगेच चष्मा मागितला. मी हवा भरल्याचा आवाज काढला, फुक फुक फुक. मामा हसतच होता. मग बाई जशा चकती फिरवून हळूच हवा सोडतात तसा आवाज काढला. दातांच्या फटीतून, बारीक, लांब. फुस्स.

मामाचा उजवा पाय पुढे गेला आणि फरशीवर दाबला गेला.

तोंडावर हसू तसंच होतं. वरचा माणूस हसतोय आणि खालचा पाय भलत्याच कामात. मी परत केलं, फुस्स. परत पाय. टाच टेकलेली, पंजा दाबलेला, पोटरी दगडासारखी. आणि श्वास बंद. मी थांबले की श्वास सुरू.

"मामा, पायले काय व्हयनं?"

"काय नही. मच्छर व्हता."

मच्छर नव्हता. मच्छर असला की आमच्या घरात हात उठतो, पाय नाही.

मग मला भलभलत्या गोष्टी आठवायला लागल्या. मेडिकलवाल्याचं मशीन गुरगुरतं, फुस्स करत नाही. मामी कुकर लावते तेव्हा मामा शिट्टीच्या आधीच बाहेरच्या ओट्यावर जाऊन उभा राहतो. आम्हाला वाटायचं त्याला वरणाचा कंटाळा आला. पंक्चरच्या दुकानासमोरून जाताना तो रस्ता ओलांडतो. आम्हाला वाटायचं दुकानदाराशी भांडण आहे. रोज संध्याकाळी आंबट ढेकरा. झोपेत तो दात इतके करकरा खातो की मामीला वाटलं घरात उंदीर झाला. तिने पिंजरा लावला. पिंजऱ्यातला भाकरीचा तुकडा रोज सकाळी तसाच. मामी म्हणायची, हुशार उंदीर शे.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं तेव्हा मी मामाच्या खुर्चीत मामा होऊन बसले. हसायला नाही, बघायला. पाठ त्याच्यासारखी ताठ केली. दोन्ही हात पुढे. तोंडाने फुस्स केलं आणि पाय दाबला, श्वास धरला आणि तसाच धरून ठेवला. थोड्या वेळात मान आखडली. कानात माझंच काळीज धडधडायला लागलं. आणि हात पुढे कशाला आलेत हे बघितलं तर ते स्टेअरिंगवर होते.

हा माणूस खुर्चीत बसून ब्रेक मारत होता.

मामा बस धूत होता तिथे मी गेले. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत, बादली, फडकं, आणि मामा चाकाजवळ उकिडवा. म्हटलं, गोल गोल विचारून उपयोग नाही.

"मामा, तू कोनती गाडी थांबवी ऱ्हायना?"

त्याने फडकं पिळलं. परत भिजवलं. परत पिळलं. मग म्हणाला, "तोरणमाळनी."

मागच्या वर्षी शाळेची सहल तोरणमाळला गेली होती. एवढं आम्हाला माहीत होतं. परत यायला उशीर झाला होता आणि मोठ्या मॅडम मामाला सगळ्यांसमोर बोलल्या होत्या, हेही माहीत होतं, कारण मी त्या बोलण्याची नक्कल करून एका हळदीत टाळ्या घेतल्या होत्या.

"उतरतांना आवाज उना," मामा म्हणाला. "फुस्स. बारीक. माले वाटनं, पोरेसनी खिडकी उघडी व्हई. मंग काटा देखा. हवाना काटा खाले येऊ लागना."

बसचा ब्रेक हवेवर चालतो. टाकीतली हवा गेली की पाय कितीही दाबा, खाली काही नसतं. मामाने पाय दाबला आणि खाली काही नव्हतं.

"पोरे मांगे गानं म्हनी ऱ्हायनात. एक पोऱ्या मन्हा कानजोडे ईसन म्हने, काका, हॉर्न वाजाडा ना. मी वाजाडा."

"हॉर्न वाजाडा?"

"मंग काय करू? नही वाजाडता ते तो तठेच उभा ऱ्हाता. मी म्हनं, जाय, जागावर बठ."

मग त्याने गाडी खालच्या गिअरवर घेतली, डोंगराच्या कडेच्या पाण्याच्या चारीत डाव्या बाजूची चाकं घातली आणि घासत घासत उभी केली. दगड आणून चाकांखाली लावले. आणि मागे वळून सांगितलं की इंजिन गरम झालं आहे, सगळ्यांनी उतरा, दरी बघा, किती छान दरी आहे. पोरं उतरली. उरलेला चिवडा खाल्ला. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "काका, पालक आम्हाला बोलतात. पुढच्या वेळी गाडी नीट बघून आणत जा." मामा म्हणाला, हो मॅडम. खालून मिस्तरी आला, पाइप बदलला, गाडी तळोद्याला आली. संपलं.

"कोनले सांगं नही?"

"काय सांगू? तो पाइप सकायले मीच देखेल व्हता. चांगला व्हता. सांगं असतं ते म्हनतात, ड्रायव्हर घाबरी गया. कोन पोरे बसाडी मंग?"

मला नेहमी काहीतरी बोलायला सुचतं, आणि तेव्हा एवढंच सुचलं की मी बादली उचलून नळाकडे गेले. सगळी बस उतरली होती, पोरं आता वरच्या वर्गात गेली, चिवडा पचून वर्ष झालं. मामा एकटा अजून त्या उतारावर होता.

आता मी काही डॉक्टर नाही. पण माझ्याकडे फुस्स होतं. मी म्हटलं, जो आवाज फक्त घाटात होता तो घरात आणू, इतका आणू की त्याची किंमतच जाईल. सकाळी चहा देताना फुस्स. मामा वर्तमानपत्र वाचतोय, मागून फुस्स. पहिल्या दिवशी पाय दर वेळी गेला, आणि मी दर वेळी सांगायचे, "मामा, खुर्ची शे. खुर्चीले चाक नही." मग तो पाय उचलून परत जागेवर ठेवायचा, खाली ठेवलेलं सामान उचलावं तसा. शेजारच्या काकूंना वाटलं आमच्या घरात गॅस गळतोय. त्यांनी सिलेंडरवाल्याला बोलावलं. तो आला, त्याने साबणाचा फेस लावून बघितलं, गॅस कुठेच गळत नव्हता. मी कोपऱ्यात उभी राहून एक फुस्स केलं. तो परत फेस लावायला बसला.

मामीने मला उलथनं फेकून मारलं. मामा मोठ्याने हसला. खूप दिवसांनी इतका मोठ्याने. आणि पाय जागेवरच होता.

मामीला मी सगळं सांगितलं नाही. ते मामाचं होतं. फक्त तिखट परत द्यायला सांगितलं. मीठ कमीच राहू दिलं, ते डॉक्टरीण बाईंनीच सांगितलं होतं.

तिसऱ्या तपासणीच्या सकाळी गल्ली ओट्यावर आली. कोणीतरी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "जो कोन टेन्शन लेऊ नको म्हनी, त्याना घर मी आठ दिवस ऱ्हावाले येसू." ओटा लगेच रिकामा झाला. मी आले तर काय करीन हे सगळ्यांना माहीत होतं.

दवाखान्यात मामा खुर्चीत बसला. बाईंनी पट्टा बांधला. चष्मा नाकाच्या टोकावर आला.

"सैल सोडा हात. अजून सैल. अहो, हात तुमचाच आहे ना?"

मामाने माझ्याकडे बघितलं आणि तो फुटला. हसू आवरेना. मी भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता वाचायला लागले.

"काय झालं हसायला?" बाई म्हणाल्या.

"मॅडम, ही आपली नक्कल करते," मामाने सांगून टाकलं. मी त्याच्यासाठी एवढं केलं आणि त्याने मला पहिल्या वळणावर उतरवलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, चष्मा वर सरकवला, आणि हवा भरली. फुक फुक फुक. मग चकती फिरवली. खरा आवाज माझ्यापेक्षा बारीक होता. आणि मामाचा पाय गेला. घरी जागेवर राहिलेला पाय इथे गेला. आकडा परत वर.

बाईंनी पेन घेतलं. मामाचा चेहरा असा झाला की मला त्याची नक्कल कधीच करता येणार नाही, आणि करायची पण नाही.

मी म्हटलं, "मॅडम, एकदा यांच्या पायाकडे बघा."

बाईंनी टेबलाच्या बाजूने वाकून बघितलं. पंजा अजून फरशीवर दाबलेलाच होता.

"हे काय करताय?"

मामाने पायाकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि मग शाळेतल्या मराठीत, हात मांडीवर ठेवून, त्याने सगळं सांगितलं. काटा, पोरगा, हॉर्न, चारी, दगड. मी बस धुताना ऐकलं होतं त्यापेक्षा सावकाश सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे तुम्ही आधीच्या दोन वेळेस का नाही सांगितलं?"

"तुम्ही हात मागितला, मी हात दिला," मामा म्हणाला. "पायाचं कोणी विचारलंच नाही."

बाई म्हणाल्या, शरीराला तारीख कळत नाही, त्याला आवाज कळतो. पाय असा दाबून, श्वास धरून बसलं तर कोणाचाही आकडा वर जाईल. पण असं रोज वर्षभर होत राहिलं तर ते नुसतं आकड्याचं राहत नाही. पोट, झोप, दात, मान, सगळीकडून वसुली होते. मला ते बोलणं आवडलं. मी तेही पाठ केलं.

मग त्यांनी मामाला पाणी दिलं आणि बाहेर बाकावर बसवलं. बऱ्याच वेळाने परत बोलावलं. मामा पाय मोकळे सोडून बसला. बाईंनी हवा भरली आणि तो रबरी फुगा आणि चकती मामाच्याच दुसऱ्या हातात दिली.

"हवा तुम्ही सोडा. हळू. ड्रायव्हर तुम्ही आहात."

मामाने चकती बोटात धरली. मी म्हटलं, "मामा, गाडी उभी शे. चाकाखाले दगड शे. पोरे घर गयात." त्याने हवा सोडली. इतकी सारखी, इतकी हळू, की बाई पण बघत राहिल्या. फुस्स आवाज लांबत लांबत गेला आणि संपला. पायाचा अंगठा एकदा हलला, बस.

आकडा थोडासा वरच होता. बाई म्हणाल्या, एवढ्यावर गाडी चालवायला हरकत नाही, पण महिन्याने परत या, मीठ कमी, रोज चाला, आणि हे जे मला सांगितलं ते मनाच्या डॉक्टरकडे जाऊन पण सांगा. मामा म्हणाला, आधी मोठ्या मॅडमला सांगतो. मग जातो.

निघताना बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "करून दाखव." मी करून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी मान अशी पुढे काढते?" मी म्हटलं, हो मॅडम, दुखत असेल ना? त्यांनी मानेला हात लावला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

शाळा उघडली त्या सकाळी पिवळी बस आमच्या घरासमोर थांबली. गल्लीतली पोरं चढली. मोठ्या मॅडम पण त्या दिवशी बसमध्ये होत्या, पुढच्या सीटवर, मामाशी काहीतरी बोलत होत्या, आणि त्यांचा जबडा मी पहिल्यांदाच जरा सैल बघितला. बसने हवा सोडली. फुस्स. मी ओट्यावरून उत्तर दिलं, फुस्स.

मामाने आरशातून माझ्याकडे बघितलं. त्याचा उजवा पाय ब्रेकवर होता. त्या वेळी तो तिथेच पाहिजे होता.